काडीमोड, वाटा आणि दुसरं लग्न : आधी काय, मग काय

नोटरीचा गोल शिक्का मारलेली फारकत घेऊन माणसं माझ्याकडं येतात ती बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं उशिरा. बॉण्डवर दोघांच्या सह्या असतात, दोन्हीकडच्या पंचांचे अंगठे असतात. ‘आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही’ असं ठसठशीत टाईप केलेलं असतं. आणि तोवर दोघांपैकी एकाचं दुसरं लग्नही लागून गेलेलं असतं. मग बॉण्ड टेबलावर सरकवून विचारतात, ‘मॅडम, हे चालतं ना?’

नाही चालत.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. पहिल्यांदाच या भानगडीत पडलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे. कायद्याची कलमं वकील सांगतीलच, मला सांगायचा आहे तो क्रम. आधी कोर्टाचा हुकूमनामा, मग पैसा, सोनं आणि जमिनीचा निकाल, आणि सगळ्यात शेवटी मांडव. आपल्याकडं मांडव आधी पडतो, मग जमिनीवरून डोकी फुटतात, आणि कोर्टाची आठवण सगळं बिघडल्यावर येते.

फारकतीचा बॉण्ड

हिंदू विवाह कायदा 1955 चा. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. या कायद्यात लग्न मोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे. गावच्या बैठकीला नाही, नोटरीला तर नाहीच. नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो. एक पळवाट आहे, ती लोकांना बरोबर माहीत असते. ज्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी आहे, तिथं ती रूढी कलम 29 नं राखून ठेवली आहे. पण ‘आमच्यात असंच चालतं’ एवढं म्हणून भागत नाही. रूढी जुनी आहे, अखंड आहे, हे पुराव्यानं शाबीत करावं लागतं, आणि वेळ आली की ज्यांचे अंगठे बॉण्डवर असतात तेच पंच साक्षीला येत नाहीत. जातपंचायतीनं दंड मागितला किंवा वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात त्याविरुद्ध 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसांत जाता येतं.

बॉण्ड फाडून मात्र टाकू नका. घटस्फोट म्हणून तो रद्दी असला, तरी तुम्ही कधीपासून वेगळे राहता याचा तो पुरावा होऊ शकतो.

कोर्ट कोणतं, खर्च किती

घटस्फोटाचा अर्ज लग्न जिथं लागलं तिथं, दोघं शेवटी जिथं एकत्र राहिले तिथं किंवा समोरचा माणूस राहतो तिथं लावता येतो. बाईला 2003 पासून आणखी एक सोय आहे. ती सध्या जिथं राहते तिथं, म्हणजे बहुधा माहेरच्या कोर्टात, अर्ज करता येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी ही सोय फार मोलाची. लग्न गेवराईला, संसार कारखान्यावरच्या कोपीत, भांडण तिकडंच कुठंतरी. तरी तारखेला कोल्हापूर-सांगलीला जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथं ते नाही, तिथं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढं काम चालतं. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते.

खर्चाची भीती घालणारे पुष्कळ. बाईला पोटगी, घटस्फोट, अत्याचार आणि मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. वकीलही फुकट मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि बाईच्या अर्जाला तिथं उत्पन्नाची अट नाही. 15100 हा फोन नंबर त्यासाठीच आहे. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, असं बाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. ते बोलणारा बहुतेक दुसऱ्या वकिलाचा माणूस असतो.

बरोबर न्यायचे कागद म्हणजे लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, दोघांचं आधार, लेकरांचे जन्मदाखले. लग्नाची नोंद झालेली नसली तरी घटस्फोट अडत नाही.

आणि समन्स. बेलीफ आला की मागच्या दारानं रानात निघून जाणं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि तिच्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही. समन्स नाकारलं तरी कोर्ट ते बजावल्याचं धरू शकतं, आणि मग एकतर्फी हुकूमनामा होतो. कधी नवरा घटस्फोट न मागता ‘बायकोनं नांदायला यावं’ असा दावा लावतो. तो गोड वाटतो, म्हणून माहेरची माणसं दुर्लक्ष करतात. तो हुकूम झाल्यावर वर्षभर एकत्र येणं झालं नाही, तर तेवढ्यावरच घटस्फोट मागता येतो. एकतर्फी हुकूम झालाच असेल तर तो उठवायला अर्जाची मुदत 30 दिवस आहे. समन्स खरंच मिळालं नसेल तर ती कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणून कळल्या आठवड्यातच वकील गाठा.

राजीखुशीनं की भांडून

दोघं राजी असतील तर कलम 13ब. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत परत येऊन पुन्हा हो म्हणायचं. मधले सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलं. आधीच दीर्घकाळ वेगळे आणि देणंघेणं मिटलेलं, अशा जोडप्यांना ती सवलत मिळते. शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो, हे मात्र लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी सगळे पैसे देऊन टाकलेला नवरा आणि एक रुपया न घेता सह्या करून बसलेली बायको, दोघांनाही याचा फटका बसतो. माझ्या हातून होणाऱ्या तडजोडीत मी काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली शेवटच्या तारखेला कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टनं, असंच लिहून घेते. बैठकीत रोख मोजून घेतलेले पैसे नंतर निम्मेच मिळाल्याचं सांगितलं जातं, आणि खरं काय ते देवाला ठाऊक.

भांडून घ्यायचा असेल तर कारण लागतं. क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर, बरा न होणारा मानसिक आजार, अशी कारणं कायद्यात दिलेली आहेत. ‘आमचं आता जमतच नाही’ एवढं पुरत नाही. त्या आधारावर लग्न मोडायचा खास अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला. लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर विशेष त्रासाचं प्रकरण सोडून अर्जच घेत नाहीत. या खटल्यांना किती काळ लागेल ते मी कुणाला सांगत नाही. जो वकील सांगतो त्याच्याकडं जाऊ नका.

मुलीचं लग्न अठराच्या आत लावलं असेल, आणि आपल्या जिल्ह्यांत हे सर्रास होतं, तर घटस्फोटाऐवजी लग्नच रद्द करून मागता येतं. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे मुलीला वीस वर्षं पुरी व्हायच्या आत, 2006 च्या बालविवाह कायद्याखाली अर्ज करायचा. पोटगीही मागता येते. लग्न लावून देणारे आईबाप गुन्ह्याच्या भीतीनं मुलीला हे सांगत नाहीत.

पोटगी

घटस्फोटाचा निकाल लागायची वाट पाहायची गरज नाही. खटला चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली, किंवा खटला नसतानाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली अर्ज करता येतो. हे 144 म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं जुनं 125. जुलै 2024 पासून नंबर बदलला, बाकी तेच.

पगाराचा अमुक हिस्सा, असा ठरलेला आकडा कायद्यात नाही. 2020 पासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र भरावं लागतं, आणि पोटगी निकालाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून धरतात. नोकरदाराची स्लिप निघते. शेतकरी नवरा मात्र शपथपत्रात हमखास कोरडवाहू होतो. म्हणून त्याच्या कमाईचे कागद आधी जमवा. कारखान्याचं ऊसबिल, आडत्याकडची सोयाबीन-कापसाची पट्टी, पीक विम्याची पावती, डेअरीचं पुस्तक, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे ते. सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर घरबसल्या दिसतात.

आता एक गोष्ट, जिच्यापायी बायकांचे हजारो रुपये बुडतात. 144 खालची पोटगी थकली की वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षात करायचा. तीन वर्षांची थकबाकी साठवून, मग एकदम वॉरंट काढू म्हटलं, तर या मार्गानं मागची दोन वर्षं हातची गेली.

नवऱ्यालाही पोटगी मागता येते, कमावती बायको आणि कमाई नसलेला नवरा असेल तर. गावात याचं हसू होतं, कोर्टात होत नाही.

सोनं आणि यादी

आपल्याकडं साखरपुड्याला यादी होते. काय द्यायचं, काय घ्यायचं, मानपान किती, सगळं कागदावर आणि खाली सह्या. ती यादी जपून ठेवा. बाईला लग्नात तिच्या आणि सासरच्या माणसांनी दिलेलं सोनं हे स्त्रीधन. सासूच्या कपाटात असलं तरी मालकी तिची. ते परत न देणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच सांगून ठेवलं आहे. आणि हुंडा? घेणं गुन्हा आहेच, पण घेतलेला हुंडाही शेवटी त्या बाईचाच, तो तिला परत करावा असं हुंडाबंदी कायद्याचं कलम 6 म्हणतं. ‘हुंडा दिला म्हणून सांगितलं तर आम्हीच अडकू’ या भीतीनं मुलीचे वडील गप्प बसतात; त्रास झालेल्या माणसानं दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे.

सराफाच्या पावत्या कुणी ठेवत नाही. मग लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ कामाला येतात, त्यात गळ्यात काय होतं ते दिसतं.

जाता जाता उचलीचं, म्हणजे हंगामासाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाचं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या घामावर मिळते, पैसे मोजून घेतो नवरा. जोडपं फुटलं की मुकादम मुलीच्या बापाच्या दारात येऊन बसतो. तडजोडीच्या कागदात उचल कोण फेडणार हे नावानिशी लिहा.

रान कुणाचं

‘निम्मी जमीन मिळते म्हणं?’ हा प्रश्न दोन्ही बाजू विचारतात, एक आशेनं आणि एक धास्तीनं. उत्तर असं की घटस्फोटानं नवऱ्याच्या मालमत्तेत निम्मा वाटा मिळतो असा कायदा आपल्याकडं नाही. वडिलोपार्जित जमिनीत बायको सहहिस्सेदार नसते, आणि घटस्फोटानंतर ती नवऱ्याची वारसही राहत नाही. मिळतं ते पोटगीच्या रूपानं, पण त्या पोटगीचा बोजा कोर्ट नवऱ्याच्या जमिनीवर चढवू शकतं. एकदा सातबाऱ्याच्या इतर हक्कात तो बोजा आला, की वावर विकताना घेणारा आधी तिच्याकडं येतो. मी एकरकमी रक्कम हप्त्यांनी ठरली असेल तर बोजा मागतेच. राहत्या घराचं निराळं आहे. घटस्फोट व्हायच्या आधी, कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो.

तडजोडीत जमीन द्यायचं ठरलं तर आधी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग बघा. वर्ग 2 असेल, किंवा मदतमाश-खिदमतमाश इनामाची असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर अडतं. निजामाच्या राज्याचा हा वारसा आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत अजून सातबाऱ्यांवर बसलेला आहे. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतून नवरा परस्पर दोन एकर तोडून देतो म्हणाला तरी भावांच्या सह्या लागतात. आणि दाव्यात ज्या जमिनीचा विषयच नव्हता, तिच्याबद्दल तडजोडीत लिहिलं, तर तो हुकूमनामा दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो. न नोंदवता तलाठ्याकडं नेला की फेरफार नामंजूर होऊन परत येतो.

वेळेचीही एक खुबी आहे. नवऱ्यानं बायकोला राहतं घर किंवा शेती बक्षीसपत्रानं दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. घटस्फोट झाला की ती बायको राहत नाही, मग तेच बक्षीसपत्र महागात पडतं. द्यायचंच ठरलं असेल तर शेवटच्या तारखेआधी नोंदवून घ्या.

संभाजीनगरला किंवा पुण्याला दोघांच्या नावावर फ्लॅट आणि दोघांच्या नावावर कर्ज असेल तर? ‘फ्लॅट तिचा, हप्ते तिचे’ असं आपसात ठरलं तरी बँक ते मानायला बांधील नाही. बँकेनं लेखी मोकळं करेपर्यंत दोघंही कर्जदार. आधी बँकेत जा, मग हक्कसोड करा.

आता माहेरच्या जमिनीचं, कारण खरी जमीन बहुतेक वेळा तिथंच आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी भावाइतकीच सहहिस्सेदार आहे. लग्न झालेली असो, मोडलेलं असो, तिच्या वाट्याला धक्का लागत नाही. वडील 2005 ला हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही. पण होतं काय, मुलगी परत आली की चार महिन्यांत भाऊ म्हणतो, ‘ताई, एक सही कर, पीककर्ज काढायचंय.’ ती सही हक्कसोडपत्रावर असते. दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन अंगठा आणि फोटो घेतात, त्याला पीककर्ज म्हणत नाहीत. परत आलेल्या बहिणीला सांभाळणारे भाऊ मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या कुणालाही ही सही लागली नव्हती.

लेकरं

पाच वर्षांच्या आतलं लेकरू सहसा आईकडं राहतं. त्यापुढं कोर्ट लेकराचं हित बघतं. ‘वंशाचा दिवा’ हा शब्द अर्जात लिहून काही उपयोग नाही. लेकराची पोटगी आईनं तडजोडीत सोडून दिली तरी ती सुटत नाही, तो हक्क लेकराचा. तसाच बापाच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा. मुलगा असो की मुलगी, आई घटस्फोट घेऊन गेली म्हणून तो जात नाही. बाप जमीन विकायला निघाला असेल तर लेकराच्या वतीनं आई वाटणीचा दावा लावून मनाई हुकूम मागू शकते. हे विक्रीच्या आधी करायचं असतं.

मुस्लिम घरांसाठी

एका दमात तीन वेळा तलाक म्हणणं 2019 पासून गुन्हा आहे आणि त्यानं लग्न मोडतही नाही. दोघांच्या संमतीनं मुबारत होऊ शकतो, बाईला खुलाचा, म्हणजे स्वतःहून फारकत मागण्याचा मार्ग आहे, आणि 1939 च्या कायद्याखाली कोर्टातून लग्न मोडून घेता येतं. नवऱ्यानं दोन वर्षं खर्च दिला नाही किंवा चार वर्षं त्याचा पत्ता नाही, ही त्यातली कारणं. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम, वेगळी आणि पोटगी वेगळी, एक दिली म्हणून दुसरी बुडत नाही. घटस्फोटित मुस्लिम बाईला जुन्या 125 खालीही पोटगी मागता येते, यावर जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा शिक्का मारला. काझींचा कागद असला तरी पुढं पासपोर्ट, नोकरी, दुसरा निकाह यांसाठी कौटुंबिक न्यायालयाकडून लग्न संपल्याचं जाहीर करून घ्यावं, असा माझा सल्ला असतो. आणि इद्दत, म्हणजे लग्न मोडल्यावर बाईनं थांबायचा ठरलेला काळ, संपेपर्यंत तिनं निकाह करायचा नाही.

दुसरं लग्न

पूर्वी याला पाट लावणं म्हणायचे, म्होतूर म्हणायचे, ते रात्री अंधारात उरकायचे. आता दिवसा होतं, हे चांगलं झालं. फक्त तारीख चुकते.

वादातून झालेल्या हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत आहे. 90 दिवस धरून चाला. मुदत संपली आणि अपील झालं नाही, किंवा झालेलं फेटाळलं गेलं, की लग्न करायला मोकळे. राजीखुशीच्या हुकूमनाम्यावर सहसा अपील नसतं, तरी प्रमाणित नक्कल हातात येण्याआधी हॉल बुक करू नका. हुकूमनाम्याआधी केलेलं दुसरं लग्न कायद्यानं शून्य. वर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि नवरा सरकारी नोकर असेल तर नोकरीवरही गदा येते. अशा लग्नातली मुलं औरस मानली जातात. त्यांना आईबापाच्या वाट्यातून मिळतं, आजोबाच्या जमिनीवर थेट हक्क सांगता येत नाही. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगी मिळू शकते, पण बायकोचा दर्जा नाही.

म्हणून स्थळ आलं आणि ‘पहिली सोडलेली आहे’ असं सांगितलं, तर हुकूमनामा मागा. बॉण्ड दाखवला तर उठून या. मध्यस्थ रागावतो, रागावू द्या.

घटस्फोटित बाईनं दुसरं लग्न केलं की तिची स्वतःची पोटगी थांबते. लेकराची थांबत नाही. एकरकमी घेतलेली रक्कम केवळ लग्न केलं म्हणून परत मागत नाहीत, म्हणूनच नवरे महिन्याची पोटगी पसंत करतात आणि मी बायकांना एकरकमी सुचवते. विधवेचं वेगळं आहे. नवरा वारला त्या दिवशी तिच्या वाट्याला आलेली जमीन पुनर्विवाहानं जात नाही. आपल्याकडं नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर तरुण वयात मागे राहिलेल्या कितीतरी जणी केवळ ‘वावर जाईल’ या धाकानं दिराच्या दारात राबत आहेत, त्यांच्यापर्यंत हे वाक्य पोचवा.

लग्न लागलं की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत त्याची नोंद करा, तिथं हुकूमनाम्याची नक्कल लागते. नॉमिनीही बघून घ्या. घटस्फोटानं बँकेतलं आणि विम्यातलं जुन्या जोडीदाराचं नाव आपोआप निघत नाही. रेशनकार्डावरून नाव कमी करून नव्या ठिकाणी चढवायचं, त्यालाही नक्कल. लेकराच्या शाळेत विचारतात, पासपोर्टला विचारतात. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाकताना एकदम चार प्रती मागा. एक माहेरी ठेवा, कारण सासरच्या कपाटातली कधी सापडत नाही.